मिक्सरवाली शमीमआपा

परवा आळेफाट्याजवळ एका हळदीला गेलो होतो. बोलावणं बायकोला होतं, मी पिशव्या धरायला. डीजेवर ते गाणं लागलं. कोणतं ते तुम्हाला कळलंच असेल, कारण गेली काही वर्षं आमच्या जुन्नर-आंबेगावात त्या गाण्याशिवाय एकाही नवरदेवाला हळद लागलेली नाही. गाण्यातली पोरगी पाहुण्याला ठणकावून सांगते की लांबून बघ, जवळ येऊ नकोस. आणि दोन्ही तालुक्यांतले तमाम पाहुणे ते आमंत्रण समजून बाह्या सरसावत नाचायला उतरतात. कडवं संपलं, मधली ढोलकी सुरू झाली, तेवढ्यात हळद कालवणाऱ्या दोघीतिघी ओरडल्या, "कोणी म्हटलंय?" आणि मांडवातल्या बाकीच्या सगळ्या बायका एका सुरात, "वैशालीनं." पुन्हा ढोलकी, पुन्हा तेच. नवरीच्या मावशीला विचारलं, हे काय मध्येच? तर म्हणाली, "असंच म्हणत्यात ओ ह्या गाण्याला. लई दिसांपासनं."

असंच म्हणतात म्हणे. मी पिशव्या खाली ठेवल्या. ही रीत देवादिकांच्या काळापासून चालत आलेली नाही. ती जुन्नरच्या एका बाईनं, टोमॅटोच्या कॅरेटवर बसून, रोजच्या रोज पाडलेली आहे. तिचं नाव शमीमआपा. आणि ती पाडताना जी काही माणसं मध्ये कडमडली, त्यांत पहिला नंबर माझा.

मी त्या वेळी एका ऑर्केस्ट्रात निवेदक होतो. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रांना आमचा कार्यक्रम असायचा. पोस्टरवर पुरुष गायकांचे फोटो आणि नावं, त्याखाली 'शब्दप्रभू' अशा उपाधीसह मी, आणि तळाला एका ओळीत 'सोबत चार नखरेल गायिका'. चार माणसांना मिळून एक विशेषण. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मला टिकल्यांचं जाकीट मिळालं होतं, त्यामुळे मला त्या काळात काहीच दिसत नव्हतं.

गायिकेला बोलवायची माझी एक खास पद्धत होती. जुन्नरच्या द्राक्षांपासून सुरुवात करायची, नारायणगावच्या टोमॅटोवर यायचं, मग शिवनेरीच्या पायथ्याचा हापूस, आणि मग आवाज खाली आणून, "अशी रसरशीत..." एवढं म्हटलं की पब्लिक शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घ्यायचं. बाजार समितीत येणारा सगळा माल माझ्या निवेदनात होता. गायिकेचं नाव तेवढं शेवटी शिट्ट्यांत बुडून जायचं.

आमचं साऊंड शमीमआपाचं होतं. जुन्नरच्या पेठेत तिच्या वडिलांचं लाऊडस्पीकर दुरुस्तीचं दुकान, ते तिनं पुढे चालवलेलं. मशिदीचा भोंगा आणि गणपती मंडळाचा अँप्लिफायर तिथं एकाच फळीवर दुरुस्तीची वाट बघत पडलेले असायचे. आपा पन्नाशीची, उंच, ओढणी कमरेला करकचून बांधलेली. टेम्पो स्वतः चालवायची. कार्यक्रमात मंडपाच्या पार मागे मिक्सर मांडायची आणि उपड्या कॅरेटवर बसायची. एकदा बसली की कार्यक्रम संपेपर्यंत उठायची नाही. तोंडात दोनचार स्क्रू धरून ती अख्खं भांडण करू शकायची, आणि समोरच्याला एकेक शब्द नीट कळायचा. "वायर दाखव" हे तिचं लाडकं वाक्य. कुणीही काहीही ठासून सांगितलं, आपली प्रथा आहे, लोकांना असंच आवडतं, की ती म्हणायची, "कुठनं आलं हे? वायर दाखव." मालक म्हणाले, आपा, पोस्टरवर बायकांची नावं टाकत नसतात, धंद्याची पद्धत आहे. "वायर दाखव." मालकांना शेवटपर्यंत वायर सापडली नाही. पुढल्या वर्षी पोस्टरवर चार नावं आली. नखरेल मात्र तसंच राहिलं, कारण छपाईवाल्याकडे तो ठसा तयार होता.

मिक्सरवर प्रत्येक माईकच्या बटणापुढं चिकटपट्टी लावून नाव लिहितात. मिक्सर ऑर्केस्ट्राच्या मालकीचा, त्यावर आधीच्या साऊंडवाल्यानं लिहून ठेवलं होतं: राजू, संतोष, ढोलकी, कीबोर्ड, लेडीज एक, लेडीज दोन. म्हणजे ढोलकीलाही नाव होतं. आपानं आल्या दिवशी त्या दोन पट्ट्या नखानं खरवडून काढल्या आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, वैशाली, सुरेखा, आणि त्यांच्याखाली त्याच दोन माईकवर गाणाऱ्या बाकी दोघींची नावं. जागा पुरेना तर राजूच्या पट्टीवर थोडं अतिक्रमण केलं. राजू कुरकुरला. आपा म्हणाली, "तू सरक की जरा."

आता माझं. त्या सीझनला माझा कॉर्डलेस माईक बिघडला. बिघाड मोठा चमत्कारिक होता. यात्रा कमिटीची नावं घेताना माईक खणखणीत, देवाचं नाव घेताना खणखणीत, द्राक्षांपर्यंतसुद्धा ठीक. टोमॅटोवर आलो की बंद. मी नुसता ओठ हलवतोय आणि पब्लिक शांतपणे बघतंय, असं व्हायचं. मग आपोआप चालू व्हायचा आणि तोवर वैशाली गायला लागलेली असायची. मी सेल बदलले. माईक बदलला. पुण्याहून भारीतला आणला. तोही टोमॅटोला बंद. माईकवरून लिंबू उतरवलं, हे मी आज पहिल्यांदाच कबूल करतो आहे.

शेवटी माझ्या शास्त्रीय बुद्धीनं शोध लावला. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य अँटेना. आमच्या बहुतेक यात्रा त्यांच्या आसपासच्या गावांत. आकाशातल्या लहरी ओढून घेणारं ते यंत्र माझा आवाज ओढून घेत असणार, यात मला तिळमात्र शंका उरली नाही. वाटेतच होतं, म्हणून एका दुपारी टिकल्यांच्या जाकिटासकट गेटवर जाऊन उभा राहिलो, हातात पुरावा म्हणून माईक. गेटवरचा माणूस खोडदचाच. त्यानं माझी तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाला, "पावणं, हितं लांबच्या ताऱ्यांचं ऐकत्यात. तुमचं कोण ऐकतंय?" तेवढ्यात आतून एक साहेब आले. त्यांनी फार नम्रपणे सांगितलं की त्रास उलट दिशेनं होतो, तेव्हा ते हातातलं आधी बंद करा आणि लांब न्या. मी सबंध विश्वाच्या कामात व्यत्यय आणून परत आलो.

ही बातमी माझ्याआधी आपापर्यंत पोचली. संध्याकाळी तिनं मला मिक्सरपाशी बोलावलं. तोंडातले स्क्रू काढून हातात घेतले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"खोडदला कशाला गेलास? मला विचारायचं." तिनं एका लाल बटणावर बोट ठेवलं. "हे दाबते मी. तू टमाट्यावर आलास की."

"आख्खा सीझन?"

"तू आख्खा सीझन टमाट्यावर आलास." मग म्हणाली, "अनाऊन्सर, तू बाईला बोलावतोस का गाडी भरतोस?"

मी म्हणालो, आपा, पब्लिकला आवडतं. ती काय म्हणाली ते मी आता लिहायला नको.

तेव्हापासून मी नाव घ्यायला लागलो. नाव, गाव आणि गाण्याचा पहिला शब्द. पहिल्या दिवशी मला स्टेजवर उघडं पडल्यासारखं वाटलं. अर्ध्या मिनिटात काम संपलं आणि माझ्या हातांना करायला काही उरलं नाही. वैशाली पुढं आली, माझ्याकडे जरा चमकून बघितलं आणि तिनं पहिला सूर लावला. शिट्ट्या वाजल्याच, पण कमी. शिट्ट्या फार झाल्या की आपाकडे त्यालाही इलाज होता. ती मोकळा माईक स्पीकरकडे फिरवायची आणि स्पीकरच अशी कानठळ्या बसवणारी शिट्टी घालायचा की पुढल्या रांगांतली पोरं कान धरून बसायची. "त्यांना हौस आहे ना," म्हणायची.

वैशाली भीमाशंकरकडच्या डोंगरातली. घरी भात आणि नाचणी, आणि गळा असा की लावणी, भजन, कव्वाली, काहीही द्या. ते हळदीचं गाणं तिचंच. एका निर्मात्यानं तिला स्टुडिओत नेऊन गाऊन घेतलं, आणि व्हिडिओत शहरातल्या एका गोऱ्या पोरीला शेताच्या बांधावर ओठ हलवत उभं केलं. खाली नावं आली निर्मात्याची, संगीतकाराची, ड्रोन उडवणाऱ्याची. वैशालीचं नाही. वैशालीनं फोन केला तर निर्माता म्हणाला, ताई, लोक आजकाल बघतात, ऐकत नाहीत. ती रडली नाही, पण पुढचे दोन कार्यक्रम तिनं ते गाणं म्हटलं नाही. माझंच नाही ते, म्हणाली.

आपानं काही भाषण केलं नाही. तिचा लग्नाचाही धंदा होता. त्या दिवसापासून कुठल्याही हळदीत, वरातीत ते गाणं लावायच्या आधी, आणि मधल्या ढोलकीलाही, ती माईक उचलायची. "हे वैशालीनं म्हटलंय. आपल्या डोंगरातल्या." प्रत्येक वेळी. वरात रंगात आलेली असताना, नवरदेव घोड्यावरून घसरायला आलेला असताना, गाणं लागोपाठ दहाव्यांदा वाजत असताना. लोक वैतागले. आपा, कळलं की, म्हणायचे. मग ती विचारायला लागली, "कळलं? सांगा, कोणी म्हटलंय?" आणि उत्तर आल्याशिवाय पुढचं कडवं सोडायची नाही. नाचायच्या घाईपायी लोक ओरडायला लागले. आधी पोरंटोरं, मग बायका. वैशाली पुन्हा ते गाणं म्हणायला लागली.

आता त्या यात्रेचं सांगतो. घोडनदीच्या काठचं एक गाव. नाव सांगत नाही, तिथं माझी सासुरवाडी आहे. यात्रा कमिटीचे अध्यक्ष सदाभाऊ, माझे सख्खे मेहुणे. माणूस दिलदार. गावच्या शाळेला पत्रे दिले, देवळाला घंटा दिली. पण बक्षीस द्यायचं तर स्टेजवर चढून, गायिकेच्या समोर उभं राहून द्यायचं, हा त्यांचा मान. आपाची अट उलटी. बक्षीस मिक्सरपाशी डब्यात टाका, निवेदक नाव पुकारील. बाई गात असताना स्टेजवर कुणी चढायचं नाही. बाकीच्या गावांनी कुरकुर करत मानलं होतं.

सदाभाऊंनी मानलं नाही. वैशालीचं ते गाणं सुरू झालं आणि भाऊ चढले. पाचशेची नोट दातांत धरून. म्हणजे हात मागे बांधलेले, मान पुढे, आणि वैशालीनं ती नोट येऊन घ्यायची, अशी ती रीत. वैशाली गात गात एक पाऊल मागे सरकली. भाऊ एक पाऊल पुढे. ती आणखी मागे, ढोलकीवाल्याच्या मांडीला टेकेपर्यंत. मी कोपऱ्यात उभा होतो. मी काय केलं ते विचारू नका. मी जाकिटाच्या टिकल्या मोजत होतो.

एकदम सगळा आवाज बंद झाला. रंगीत दिवे गेले आणि हॅलोजनचा पांढराफटक उजेड स्टेजवर पडला. आणि कधीही न उठणारी आपा कॅरेटवरून उठून मधल्या वाटेनं चालत आली. तिनं माझ्या हातातला माईक घेतला. तो मात्र चालू होता.

"सदाभाऊ, नोट हातात घ्या," ती म्हणाली. "तोंडात धरून बोलायला सवय लागते, ती तुम्हाला नाही. मला एवढंच सांगा, ती तिचं काम करतीय, तुम्ही वर कशाला आलात?"

भाऊ पांढऱ्या उजेडात, नोट दातांत, हात पाठीमागे. नोट काढावी तर हरल्यासारखं, ठेवावी तर बोलता येईना. त्यांनी मान हलवली, नोट फडफडली. आणि बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. आधी एक, मग सगळ्या. साड्यांचे पदर तोंडाला लावून, एकमेकींच्या अंगावर पडत हसल्या. पुरुष हसले असते तर भाऊंनी दोन दिवसांत सोडून दिलं असतं. बायकांचं हसणं त्यांच्या मनातून गेलं नाही.

खोऱ्यातल्या यात्रा कमिट्यांत सदाभाऊंचा शब्द चालतो. पुढल्या माघापर्यंत आपाची यात्रांची सगळी कामं गेली. ऑर्केस्ट्रा ठेवा, पण साऊंड दुसरं आणा, असं मालकांना सांगण्यात आलं. यात्रांचे ते दोन महिने म्हणजे आपाच्या दुकानाचं वर्ष. लग्नं होती, पण लग्नांना आता घरोघरचा पोरगा स्वतःचाच डीजे लावायला लागला होता. मग सदाभाऊंनीच मन मोठं केलं. आपानं यात्रेच्या दिवशी, गावासमोर, माईकवर माफी मागावी, सगळं मिटलं. निरोप घेऊन जायला जबाबदार माणूस हवा होता. तो न मिळाल्यानं मला पाठवलं.

आपा दुकानात एका भोंग्याचं पोट उघडून बसली होती. मी वाटेत घोकलेलं सगळं बोललो. धंदा बघ, वय बघ, एक शब्द टाकायचा आणि खाली उतरायचं, कोण लक्षात ठेवतंय.

"माईकवर?" तिनं विचारलं.

"माईकवर."

"बायका असणार?"

"आख्खा गाव असणार."

"भाऊ?"

"पहिल्या रांगेत, सोफ्यावर."

तिनं भोंग्याचं झाकण बसवलं. "येते," म्हणाली.

इथं कुणाही शहाण्या माणसाला शंका आली असती. मी नारायणगावात उतरून पेढे घेतले. सदाभाऊंनी नवा फेटा आणला. माझ्या सासुरवाडीत मला त्या आठवड्यात जेवढा मान मिळाला तेवढा लग्नातही मिळाला नव्हता.

यात्रेच्या दिवशी ऊन कलताना आपाचा टेम्पो आला आणि मैदानातच उभा राहिला, माणसं त्याच्याभोवती बसत गेली. साऊंड बाहेरगावच्या माणसाचं लागलेलं होतं. आपा स्टेजवर गेली, माईकवर टिचकी मारून बघितली, त्या माणसाला खूण करून आवाज थोडा वाढवायला लावला. वैशाली स्टेजच्या बाजूला नटून उभी होती, तिचा कार्यक्रम नंतर होता.

"मला माफी मागायला बोलावलंय," आपा म्हणाली. "मागीन. पण माझं चुकलं काय ते मला आधी कळलं पाहिजे. गेल्या साली मी सदाभाऊंना एक गोष्ट विचारली होती. त्यांच्या तोंडात नोट होती म्हणून उत्तर राहिलं. आज तोंड मोकळं आहे. भाऊ, ती तिचं काम करत होती. तुम्ही वर कशाला आला होता?"

आणि तिनं माईक हात लांब करून पुढं धरला. धरूनच ठेवला.

भाऊंनी फेटा सारखा केला. शेजारच्याकडे बघितलं, शेजारच्यानं देवळाकडे बघितलं. "हे ठरलं न्हवतं," भाऊ म्हणाले.

बायकांच्या बाजूनं आवाज आला, "सांगा की ओ. आमाला बी ऐकायचंय." आवाज मी ओळखला. मंदावहिनी, सदाभाऊंची बायको. त्या चिडून बोलल्या नव्हत्या. भाजीला मीठ घातलंय का विचारावं, तशा साध्या आवाजात बोलल्या होत्या. त्यामुळे फार वाईट झालं.

"दाजी," भाऊ माझ्याकडे वळले, "हिला खाली उतरवा."

आणि मी, जबाबदार माणूस, उठलो. स्टेजच्या पायऱ्या चढायला लागलो. दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि आपानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. माईक माझ्याकडे केला.

"तू कशाला वर येतोस?"

माझं तर उभं आयुष्य माईकवर बोलण्यात गेलेलं. द्राक्षं, टोमॅटो, हापूस, सगळं पाठ. पण मी एक पाय वर आणि एक पाय खाली असा सबंध सासुरवाडीसमोर उभा राहिलो, आणि मग जसा आलो तसा उलटा उतरलो. या वेळी पुरुषही हसले.

आपानं आणखी थोडी वाट पाहिली. खरोखर पाहिली, तिला उत्तर हवं होतं. मग माईक स्टेजच्या कडेला ठेवून वैशालीला म्हणाली, "तू गाणार इथं?"

वैशालीनं खाली बसलेल्यांकडे एकदा बघितलं. "साऊंडला तुमी बसणार का?"

"मला न्हाई बसवत ही माणसं."

"मग न्हाई," म्हणून वैशालीनं घुंगरांची पिशवी उचलली.

त्यानंतर आमच्या खोऱ्यात आपाला एकही यात्रा मिळाली नाही, आणि तिनं मागितलीही नाही. दुकान भाच्याला देऊन ती संगमनेर बाजूला गेली. तिकडच्या यात्रांत बसते, वैशाली तिकडेच गाते, अटी त्याच, असं कानावर येतं. मी निवेदन सोडलं. कुणी सोडायला लावलं नाही, आणि थांब असंही कुणी म्हणालं नाही.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या यात्रेच्याच संध्याकाळी. टेम्पो मैदानाच्या आत, सगळ्या गर्दीच्या मधोमध अडकलेला. आपा स्टिअरिंगवर, शेजारी मांडीवर पिशवी घेऊन वैशाली. पुढं, बाहेर पडायच्या वाटेवर, पुरुष बसलेले, ते कुणी हलेनात. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी मुद्दाम पाय पसरले. मी खिडकीपाशी जाऊन म्हणालो, आपा, थांब, मी सांगतो त्यांना. ती म्हणाली, "तू राहू दे."

मग तिनं आरशात बघितलं आणि गिअर मागं टाकला. मागं बायका बसलेल्या होत्या, मंदावहिनी पुढंच. वहिनींनी चटई गुंडाळली आणि उभ्या राहिल्या. शेजारचीनं पोर कडेवर घेतलं. मग एकेक करत सगळ्या उठल्या, चपला, डबे, पाण्याच्या बाटल्या गोळा करत दोन्ही बाजूंना सरकल्या, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत, घोडेगावच्या रस्त्याला लागेपर्यंत, सरळ वाट झाली. टेम्पो त्या वाटेनं उलटाच, सावकाश बाहेर पडला. आपाला हॉर्न वाजवावा लागला नाही.